गलवान ते तळेगाव : रेडिओवरची परदेशी बातमी

(व्याख्यानाचं शब्दांकन)

आजचा विषय आहे रेडिओवरच्या आंतरराष्ट्रीय बातम्या. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण, तळेगाव या पट्ट्यात हा विषय कशाला, असं कुणाला वाटेल. माझं म्हणणं असं की महाराष्ट्रात परदेशी बातमीची सगळ्यात जास्त गरज कुठे असेल तर ती इथेच आहे. आणि ती बातमी आपल्या कामाच्या रूपात इथे फारशी पोहोचत नाही. का पोहोचत नाही, ते आज पाहू.

एक उदाहरण घेऊ. जानेवारी २०२० मध्ये तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना विकत घ्यायचा करार चीनच्या ग्रेट वॉल मोटर या कंपनीनं केला. एप्रिलमध्ये केंद्र सरकारनं नियम बदलला : ज्या देशांची सीमा आपल्याला लागून आहे, तिथल्या गुंतवणुकीला सरकारची आधी परवानगी हवी. जूनमध्ये गलवान खोऱ्यात चकमक झाली. परवानगी काही मिळाली नाही. डिसेंबर २०२० मध्ये कारखान्यातलं उत्पादन थांबलं, २०२१ मध्ये चौदाशेच्या आसपास कामगारांच्या नोकरीवर गदा आली, आणि जून २०२२ च्या शेवटी करार मोडला. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईनं हा कारखाना घेण्याचा करार केला.

आता बघा, यातली गलवानची बातमी ही 'सीमेवरची' बातमी. नियम बदलला ही 'दिल्लीची' बातमी. आणि कामगार गेटवर बसले ही 'स्थानिक' बातमी. तिन्ही बातम्या खऱ्या, पण त्या तीन वेगवेगळ्या खात्यांत पडतात. मधला दुवा कुणाच्याच खात्यात नाही. आजच्या व्याख्यानाचा गाभा एवढाच आहे.

हे असं का होतं, हे कळायला रेडिओची रचना समजून घ्यायला हवी.

आकाशवाणीच्या बातम्या दोन स्तरांवर तयार होतात. राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय बातम्यांचं मूळ काम दिल्लीच्या वृत्तसेवा विभागाचं. तिथला मजकूर इंग्रजी-हिंदीतून निघतो आणि वेगवेगळ्या भाषांत, मराठीतही, उतरवला जातो. दुसरा स्तर प्रादेशिक वृत्त विभागांचा. पुणे केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९५३ ला, आणि पुण्याचं सकाळी ७ वाजून १० मिनिटांचं बातमीपत्र म्हणजे अनेक घरांतलं घड्याळच. सुधा नरवणे यांचा आवाज जुन्या श्रोत्यांना आजही आठवतो.

दहा मिनिटांचं बातमीपत्र म्हणजे साधारण हजार-बाराशे शब्द. त्यात मुख्यमंत्री, पाऊस, धरणं, पिकं, खेळ, हवामान सगळं बसवायचं. परदेशी बातमीला उरतात दोन-चार वाक्यं. त्यामुळे 'अमुक ठिकाणी हल्ला झाला, इतके ठार' एवढं येतं. त्याचा आपल्याशी काय संबंध, हे सांगायला जागाच नसते. हा वृत्तनिवेदकाचा दोष नाही, मापाचा आहे.

मग खासगी एफएमनं हे करावं ना? इथे गंमत आहे. टीव्हीवर शेकडो वृत्तवाहिन्यांना परवानगी आहे, पण खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. २०११ च्या धोरणानं त्यांना आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं, शब्दही न बदलता, लावायची मुभा दिली. वाहतूक, हवामान, परीक्षा, पाणी-वीज यांची माहिती 'बातमी' धरली जात नाही, म्हणून ती चालते. म्हणजे नाशिक फाट्यावर कोंडी झालीय हे निवेदक सांगू शकतो. बंदरात माल अडकलाय आणि त्याचा चाकणवर काय परिणाम होईल, ते मात्र तो सांगू शकत नाही. सामुदायिक रेडिओचंही तसंच. सरकार सुरक्षेचं आणि देखरेखीचं कारण देत आलं आहे. वास्तविक रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्येच म्हटलं होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये ट्रायनं खासगी एफएमला तासाला दहा मिनिटं बातम्या देऊ द्याव्यात अशी शिफारस केली. पण शिफारस म्हणजे नियम नव्हे.

बाहेरचे पर्यायही आटले. बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह प्रसारण जानेवारी २०२० च्या अखेरीस बंद झालं. बीबीसी मराठी २०१७ मध्ये आली, पण ती इंटरनेटवर.

म्हणून जून २०२३ ची गोष्ट महत्त्वाची. पुण्याचा प्रादेशिक वृत्त विभाग बंद करून काम छत्रपती संभाजीनगरकडे द्यायचं ठरलं होतं. विरोध झाला आणि निर्णयाला स्थगिती मिळाली. लोकांनी तेव्हा 'आमच्या सवयीचं बातमीपत्र' वाचवलं. माझ्या मते वाचलं ते त्याहून मोठं आहे. जगातली घटना आणि चाकणची पाळी यांच्यामधला दुवा मराठीत, रेडिओवर सांगता येईल अशी जी थोडी जागा या भागात उरली आहे, ती वाचली.

हा दुवा सांगायचा कसा? तांबडा समुद्र घ्या. २०२३ च्या अखेरीस हूथींनी तिथे जहाजांवर हल्ले सुरू केले. बातमीत येतं ते एवढंच. पण चाकणचा युरोपकडे जाणारा माल न्हावाशेव्याहून सुएझमार्गे जातो. मोठ्या जहाज कंपन्यांनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घातला. प्रवास दहा ते चौदा दिवसांनी लांबला. भाडं वाढलं, रिकामे कंटेनर वेळेवर परत येईनात. आपले कारखाने सुट्या भागांचा साठा मोजकाच ठेवतात, 'लागेल तेव्हा आण' ही पद्धत. एक भाग अडकला की अख्खी लाइन थांबायची भीती. एप्रिल २०२५ मध्ये चीननं दुर्मीळ खनिजांच्या चुंबकांवर निर्यातबंधनं आणली, तेव्हाही हेच. इलेक्ट्रिक स्कूटरच्या मोटरला सहसा ते चुंबक लागतात, आणि आकुर्डीत स्कूटर बनतात.

हे सगळं सांगायला दीड मिनिट लागलं. बातमीपत्रात आठवड्यातून एकदा एवढी जागा काढणं अशक्य नाही.

तोवर आपण श्रोत्यांनी काय करायचं? परदेशी बातमी ऐकली की तीन प्रश्न विचारा. या वाटेनं आपला कुठला माल जातो किंवा येतो? तिथे आपला गिऱ्हाईक कोण आहे? आणि इथला कुठला नियम त्यामुळे बदलू शकतो? गलवानच्या वेळी तिसरा प्रश्न विचारला असता, तर तळेगावचं पुढचं चित्र थोडं आधी दिसलं असतं.

पहिल्या पाळीवाले ७.१० ला कारखान्यात असतात, हे मला माहीत आहे. आकाशवाणीची बातमीपत्रं आता न्यूज ऑन एअरच्या ॲपवर नंतरही ऐकता येतात. ऐका, आणि ज्या बातमीत आपला पट्टा दिसायला हवा होता पण दिसला नाही, तिथे पुणे केंद्राला पत्र लिहा. सार्वजनिक रेडिओ आपल्याच पैशावर चालतो, तेव्हा मागणी करण्यात संकोच कसला?

थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ या.