कुशन मेलं, पण कशाने?

पुण्यात जन्मलेला पंकज अडवाणी खेळाडू म्हणून घडला तो बेंगळुरूत, अरविंद सावूर यांच्या हाताखाली. २०११ आणि २०१४ या दोन्ही वर्षी जागतिक हौशी स्नूकर स्पर्धा याच शहरात झाली, आणि २०१४ साली ती जिंकणारा चीनचा यान बिंगताओ तेव्हा अवघ्या १४ वर्षांचा होता. जुन्या क्लबांच्या बिलियर्ड्स रूमपासून गल्लीतल्या पार्लरपर्यंत इथे टेबलं आहेत, आणि टेबल आलं की एक तक्रार हमखास ऐकू येते: कुशन मेलंय, रबर बदला. यातला पहिला भाग बहुतेकदा खरा असतो. दुसरा मात्र तपासल्याशिवाय मानू नये, कारण कुशन म्हणजे फक्त रबर, हाच इथला मूळ गैरसमज आहे. कठीण लाकडाची पट्टी, तिला चिकटवलेलं रबर, त्यावर ताणून बसवलेलं कापड आणि ती पट्टी स्लेटला आवळून धरणारे बोल्ट, या चौघांनी मिळून बॉल परत पाठवायचा असतो. बोल्ट ढिला असेल तर बॉल आदळल्यावर पट्टीच किंचित हलते आणि बॉलचा वेग तिथेच खर्ची पडतो. रबर अगदी कोरं असलं तरी फरक पडत नाही. गोंद सुटला असेल तर कुशनचा तेवढाच तुकडा मंद होतो आणि बोटाने ठोकल्यावर शेजारच्या भागापेक्षा वेगळा, पोकळ आवाज देतो. एकाच ठिकाणचा दोष दिसला की आधी बोल्ट आणि गोंद पाहावा. वयाने थकलेलं रबर सहसा असं ठिपक्याठिपक्याने मरत नाही.

पावसाळ्यात तर रबरावर हकनाक आळ येतो. स्नूकरचं कापड लोकरीचं आणि लव असलेलं असतं. दमट हवेत ते ओलावा धरतं आणि बॉल जड चालतो. मग तीन कुशनांना लागून यायला हवा तो बॉल दोनातच थांबतो आणि दोष कुशनला लागतो. फरक ओळखणं अवघड नाही: बॉल कुशनपर्यंत पोहोचण्याआधीच मंदावत असेल तर गुन्हेगार कापड आहे. टेबल नीट झाडून, लवेच्या दिशेने इस्त्री फिरवून, कोरड्या दिवशी पुन्हा पाहावं. तेवढ्याने चाल परत आली, तर रबराचा खर्च वाचला.

तरीही रबर म्हातारं होतंच, आणि ते का होतं याबद्दलही चुकीच्या समजुती आहेत. लंडनच्या जॉन थर्स्टन यांनी १८३५ च्या सुमारास रबरी कुशन आणलं, तेव्हा कच्चं रबर थंडीत इतकं कडक होई की खेळण्याआधी कुशनला गरम पाण्याच्या धातूच्या भांड्यांनी शेक द्यावा लागे. गंधकाची प्रक्रिया केलेलं, म्हणजे व्हल्कनाइझ्ड रबर १८४० च्या दशकात आलं आणि ती कटकट संपली. पण गंधकाने बांधलेल्या त्या लांब रेणूंच्या साखळ्यांवर हवेतला ऑक्सिजन, ओझोन आणि उष्णता काम करतच राहतात. त्यामुळे ‘आमच्या टेबलावर फारसं कुणी खेळत नाही, रबर अजून नवंच आहे’ हा युक्तिवाद टिकत नाही. न वापरलेलं टेबलही म्हातारं होतं. बेंगळुरूची हवा सौम्य असल्याने इथे ही झीज उष्ण शहरांपेक्षा सावकाश होत असेल, हे मान्य. पण सावकाश म्हणजे थांबली असं नव्हे. कडक रबर बॉल जास्त जोरात फेकतं, ही समजूतही उलटी आहे. दबून पूर्ववत होण्याची ताकद हाच रबराचा गुण. ती गेली की धक्क्यातली ऊर्जा उष्णतेत विरते आणि बॉल मंदावून परततो. अशा रबराला तेल किंवा व्हॅसलीन चोळून मऊ करायचा उपाय तर मुळीच करू नये. नैसर्गिक रबर तेल शोषून फुगतं, आणि जाता जाता गोंदही सुटतो.

याची किंमत नुसत्या वेगात मोजून चालणार नाही. बॉल तिरका येतो तेव्हा कुशन त्याच्या वेगाचा मुख्यतः लंब भाग उलटवतं. कुशनलगतचा भाग बराचसा तसाच राहतो. रबर थकलं की लंब भाग घटतो आणि बॉल कुशनला अधिक लगटून, पसरट कोनात निघतो. स्नूकरमधून सुटण्यासाठी दोन-तीन कुशनांचा मार्ग मोजणाऱ्या खेळाडूचा सगळा हिशेब इथे कोसळतो. अशा टेबलावर शिकणाऱ्या मुलाच्या हाताला चुकीचे कोन बसतात, म्हणून या कामाची हयगय मला खरोखर खटकते.

नवं रबर ‘कुठलंही चालेल’ म्हणून आणणं ही पुढची चूक. स्नूकरचा बॉल ५२.५ मिलिमीटरचा, पूलचा सुमारे ५७ चा. पूलचं रबर वेगळ्या आकाराचं, त्रिकोणी छेदाचं. स्नूकरला इंग्रजी एल अक्षरासारख्या छेदाचं लागतं. कुशनचं नाक बॉलच्या मध्याच्या वर लागायला हवं, नाहीतर बॉल उडतो. फार वर लागलं तर बॉल खाली दाबला जाऊन वेग गमावतो. लोळत येणारा बॉल लोळतच परतावा यासाठी आदर्श उंची गणिताने व्यासाच्या सात-दशांश येते, प्रत्यक्षात ती थोडी कमी ठेवतात. इथे एक-दोन मिलिमीटरची चूकही खेळात जाणवते.

सहापैकी एकच कुशन बदलून भागेल का, हा प्रश्न पार्लरचालक विचारतात आणि त्यांची अडचण खोटी नाही: टेबल बंद म्हणजे कमाई बंद. दोष बोल्टचा किंवा गोंदाचा असेल तर एकाचीच दुरुस्ती योग्य. पण वयाने थकलेल्या पाचांत एक नवं बसवलं तर टेबल दोन वेगांचं होतं, आणि सगळीकडे सारख्या मंद टेबलापेक्षा ते वाईट, कारण मंदपणाची तरी खेळाडूला सवय होते. शिवाय रबराची पट्टी चिकटवणं हा कामाचा सोपा भाग आहे. खरं कसब पॉकेटच्या तोंडाशी लागतं: तिथे रबर वळवून, खालून तिरकं कापून साच्याशी पडताळावं लागतं. हा काप चुकला तर पॉकेट सैल होतं किंवा नीट मारलेला बॉलही बाहेर फेकतं. म्हणून फिटरला भाव विचारण्याआधी तो कुठला साचा वापरतो आणि सहाही पट्ट्या एकाच खेपेतल्या देणार का, हे विचारावं. रबरासाठी कुशनचं कापड उतरवावंच लागतं, तेव्हा टेबलाचं कापड बदलायची वेळ जवळ आली असेल तर दोन्ही कामं एकदमच काढावीत.