उभे राहताच उठणारी डोकेदुखी

१८९८ साली जर्मनीतील कील येथे ऑगस्ट बियर या शल्यचिकित्सकांनी कण्यातून भूल देण्याचा प्रयोग स्वतःवरच करून घेतला. सहकाऱ्याने सुई टोचली; पण पिचकारी सुईवर नीट बसेना आणि तेवढ्या वेळात आतला बराच द्रव वाहून गेला. पुढे कित्येक दिवस बियर उठले की त्यांचे डोके दुखे, आडवे झाले की थांबे. सिझेरियनसाठी कण्यात भूल दिलेल्या काही मातांना आजही हाच त्रास होतो. तो ‘बाळंतपणाचा अशक्तपणा’ म्हणून अंगावर काढू नये, असे आम्हांस वाटते.

आपला मेंदू सुमारे १५० मिलिलिटर द्रवात तरंगत असतो. हा द्रव मज्जारज्जूभोवतीही असतो. तेथील आवरणाला छिद्र पडून तो पाझरू लागला की मेंदूचा आधार कमी होतो. उभे राहताच मेंदू खाली ओढला जातो व त्याची आवरणे ताणली जातात. कधी सुई न टोचताही हे आवरण आपोआप फाटते. अशा रुग्णांवर अनेकदा अर्धशिशी समजून उपचार होत राहतात.

विश्रांती, भरपूर पाणी व कॅफिन यांनी काहींना आराम पडतो. न पडल्यास रुग्णाच्याच दंडातून साधारण २० मिलिलिटर रक्त काढून ते कण्यात, आवरणाच्या बाहेरील पोकळीत सोडतात. रक्त गोठते आणि ठिगळाप्रमाणे छिद्र बुजवते. या उपचाराची सुरुवात १९६० साली अमेरिकन शल्यचिकित्सक जेम्स गॉर्मली यांनी केली. ताप किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास मात्र डॉक्टर थांबतात.

खरा धोका पुढेच आहे. खाली ओढल्या गेलेल्या मेंदूभोवती कधी रक्त साचते. रुग्ण गुंगू लागतो, क्वचित बेशुद्ध होतो. डोक्यात रक्तस्राव झालेल्या रुग्णाचे डोके एरवी उंच ठेवतात. येथे उलट डोके खाली, पाय वर करावे लागतात, प्रसंगी कण्यात सलाइन सोडतात आणि रक्ताचे ठिगळ तातडीने लावतात. गळती तशीच ठेवून डोक्यातील रक्त नुसते काढले, तर प्रकृती आणखी बिघडू शकते. हे निर्णय अर्थातच रुग्णालयात, तपासणीनंतरच व्हायचे. घरी कोणी पलंग तिरपा करू नये. परंतु बेशुद्ध माणूस स्वतः काही सांगू शकत नाही. म्हणून त्याला घेऊन येणाऱ्या नातलगांनी डॉक्टरांना आधी हेच सांगावे : “उभे राहिले की यांचे डोके दुखत होते, आडवे झाले की थांबत होते.”