नाताळ आणि नाक्यावरचे दुकान

रेवदंड्याच्या खाडीपलीकडील कोर्लई गावाने पोर्तुगीज वळणाची आपली बोली आजही जपली आहे. तेथे नाताळ म्हणजे परगावी गेलेल्यांची वाट पाहण्याचा सण. १९९० च्या दशकात रायगडच्या किनाऱ्यावर ज्यांना येणे जमत नसे, त्यांचा आवाज एसटीडी बूथवर ऐकू येई. रात्री दर उतरले की रांग लागे. मोबाईल आला, बूथ गेले; दुकानदार रिचार्जच्या तुटपुंज्या कमिशनवर तगला. आता मुंबईचा मुलगा घरबसल्या आईचा फोन भरतो आणि तेही कमिशन बुडते. सोय कोणाला नको? परंतु सिम बंद पडले, ओटीपी उमगला नाही, की म्हातारी याच दुकानाची पायरी चढते. ही पायरी टिकावी असे वाटत असेल, तर निदान नाताळचे रिचार्ज तेथे करावयास हवे.