शाळेच्या पडद्यावर आपले लेकरू कुठे आहे?

परीक्षा आटोपली, पेपर तपासायला गेले आणि पोरांना सांभाळायचे कसे हा प्रश्न शिक्षकांपुढे पडला, की शाळेत चित्रपट लावला जातो. पूर्वी टीव्ही आणि सीडी होती, आता प्रोजेक्टर आणि पेनड्राइव्ह आहे. पद्धत तीच. कोणाच्या तरी पेनड्राइव्हमध्ये जे असेल ते लावायचे. अंबरनाथ-बदलापूरच्या पट्ट्यात मी आयुष्यभर इतिहास शिकवला. त्या अनुभवावरून सांगतो, पाठ्यपुस्तकातले एक वाक्य बदलायला समित्या बसतात, मोर्चे निघतात, पण अडीच-तीन तास मुलांच्या डोक्यात काय ओतले जाणार आहे याचा विचार मात्र शिपायाच्या आणि संगणक शिक्षकाच्या हवाली केलेला असतो. मुलगा धडा विसरतो. चित्रपट विसरत नाही.

एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. शाळेचे नाव घेत नाही. नागराज मंजुळे यांचा ‘फॅन्ड्री’ फेब्रुवारी २०१४ मध्ये प्रदर्शित झाला आणि आपल्या समाजाने तो डोक्यावर घेतला, ते योग्यच झाले. एका उत्साही सरांनी, तेही आपलेच, तो सातवीच्या वर्गाला दाखवला. आधी काही सांगितले नाही, नंतर काही विचारले नाही. चित्रपट संपला, घंटा झाली, पोरे घरी गेली. दुसऱ्या दिवसापासून वर्गातल्या एका मुलाला सगळे ‘फॅन्ड्री’ म्हणू लागले. त्याचे वडील नगरपालिकेत सफाईचे काम करत. चार दिवस तो शाळेत आला नाही. पाचव्या दिवशी त्याची आई आली. ती माझ्याशी भांडली नाही, एवढेच म्हणाली, “सर, तुमी लोकांनी चांगल्यासाठीच दाखवला असंल.” हे वाक्य मला आजही शिवीसारखे लागते.

चूक चित्रपटाची नव्हती. ‘फॅन्ड्री’त डुक्कर पकडायची धावपळ चालू असताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते. जब्या थिजल्यासारखा उभा राहतो, घरचे उभे राहतात आणि डुक्कर निसटते. पुढे तेच डुक्कर काठीला बांधून शाळेच्या भिंतीवरून नेताना मागे बाबासाहेब, सावित्रीमाई, गाडगेबाबा यांची चित्रे दिसतात. राष्ट्र म्हणजे काय, नागरिक म्हणजे कोण, हे शिकवायला नागरिकशास्त्राच्या कोणत्या धड्यात एवढी ताकद आहे? पण ही ताकद वापरायची तर वर्ग नववी-दहावीचा हवा, आणि पहिला प्रश्न ‘जब्याचे दुःख काय’ हा नसावा. पहिला प्रश्न ‘हसणारे कोण होते आणि ते का हसले’ हा असावा. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट आपल्याकडे येतो, तो कोणाला लागला हे प्रत्येकाने वहीत लिहावे. नाहीतर मिश्र वर्गात अपमानाचे दृश्य दाखवायचे म्हणजे ज्याचा अपमान रोज होतो त्यालाच पुन्हा सर्वांसमोर उभे करायचे. दलितांवरचा चित्रपट लावला म्हणजे चळवळीचे काम झाले, अशी समजूत असलेल्या आपल्या शिक्षक बांधवांनी हे ध्यानात घ्यावे.

याच कारणासाठी मी सत्यजित राय यांच्या ‘सद्गती’ला हात घालताना दहादा विचार करतो. प्रेमचंदांच्या कथेवरचा, १९८१ साली दूरदर्शनसाठी केलेला हा चित्रपट तासाभरात संपतो, ही शाळेच्या दृष्टीने मोठी सोय. पण दुखी लाकूड फोडता फोडता मरतो आणि पंडित त्याचे प्रेत दोरीने ओढत नेतो, एवढेच दाखवून वर्ग सोडला तर मुले कणव घेऊन जातात. कणव ही फार स्वस्त वस्तू आहे. त्याच गोष्टीत एक गोंड आहे, तो वस्तीवर जाऊन सांगतो की प्रेताला हात लावू नका, आणि लोक लावत नाहीत. तिथे थांबावे. त्या नकारावर बोलावे. बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’चेही तेच. अस्पृश्य मुलीला घरात जागा मिळते केव्हा, तर आपले रक्त देऊन मालकिणीचा जीव वाचवल्यावर. चित्रपट १९५९ चा आहे. त्याच्या तीनच वर्षे आधी नागपुरात लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली होती, त्याचा मागमूस त्यात नाही. दाखवायचाच तर हे सांगून दाखवा.

आता ऐतिहासिक चित्रपटांकडे वळू. २ ऑक्टोबर आला की अनेक शाळांत ॲटनबरोंचा ‘गांधी’ लागतो. १९८२ चा हा चित्रपट, आठ ऑस्कर, भारत सरकारचाही पैसा. तीन तासांहून मोठ्या या चित्रपटात बाबासाहेब आंबेडकर नावाचा माणूसच नाही! गोलमेज परिषदेत गांधीजींसमोर कोण उभे होते, २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करारावर कोणी सही केली, हे पाहणाऱ्या मुलाला कळत नाही. जे पडद्यावर नाही ते घडलेच नाही, असे बारा वर्षांचे पोर धरून चालते. मग काय, ‘गांधी’ दाखवू नये? दाखवावा. पण त्याच आठवड्यात जब्बार पटेल यांच्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’मधला गोलमेज परिषद ते पुणे करार हा भाग दाखवावा. मामुट्टींना त्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, मोहन गोखले त्यात गांधी झाले आहेत. तीच वर्षे, तेच शहर, दोन चित्रपट. एकाने काय ठेवले, दुसऱ्याने काय ठेवले, याची यादी मुलांकडून करून घ्यावी. पस्तीस मिनिटांच्या तासात तीन तासांचा चित्रपट बसत नाही ही तक्रार मला मान्य नाही. अख्खा चित्रपट दाखवायला सांगितले कोणी? वीस मिनिटे पुरतात. श्याम बेनेगल यांच्या २०१४ मधल्या ‘संविधान’ मालिकेचे दहा भाग आहेत, सचिन खेडेकर त्यात बाबासाहेब आहेत. त्यातला एक भाग दहावीच्या राज्यशास्त्राला जोडून दाखवला की ‘मसुदा समिती’ हा शब्द पाठ करावा लागत नाही.

आमच्या बदलापूरचा शिवरायांशी आणि बाबासाहेबांशी एकाच वेळी संबंध आहे, हे किती शिक्षकांना माहीत आहे? महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर दीड महिन्यात, ३ मे १९२७ रोजी, बाबासाहेबांनी बदलापुरात शिवजयंती उत्सवाचे अध्यक्षस्थान भूषवले. गावातल्या एका ब्राह्मण शास्त्र्यांनी त्यासाठी पुढाकार घेतला होता. त्याच बदलापुरात २०२५ साली पोरे ‘छावा’ पाहून आली आणि वर्गात येऊन तोच इतिहास आहे असे सांगू लागली. तो शिवाजी सावंतांच्या कादंबरीवर बेतलेला आहे, हे एकालाही ठाऊक नव्हते. कादंबरीकाराला कल्पनेचे स्वातंत्र्य असते, मग दिग्दर्शक त्यावर आपले स्वातंत्र्य घेतो. संभाजीराजांना लेझीम खेळताना दाखवणारा प्रसंग विरोधानंतर काढून टाकला गेला, म्हणजे इतिहासाची तपासणी रस्त्यावर झाली. वर्गात का होऊ नये? संभाजीराजांच्या देहावर वढू बुद्रुकला अंत्यसंस्कार कोणी केले, गोविंद गोपाळ यांच्या समाधीच्या फलकावरून डिसेंबर २०१७ मध्ये तिथे वाद का पेटला, हे प्रश्न ‘छावा’ पाहून आलेल्या मुलासमोर ठेवता येतात. अवघड आहे, पालक येतील, मुख्याध्यापक घाबरतील. पण इतिहास शिकवायचा म्हणजे दुसरे काय करायचे असते?

महात्मा फुल्यांवर आता तीन चित्रपट आहेत. आचार्य अत्र्यांचा १९५४ चा, ज्याला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. नीलेश जळमकर यांचा ‘सत्यशोधक’, जानेवारी २०२४ चा. आणि अनंत महादेवन यांचा हिंदी ‘फुले’. हा तिसरा ११ एप्रिल २०२५ ला यायचा होता, तो २५ एप्रिलला आला. मधल्या काळात सेन्सॉर मंडळाने ‘महार’, ‘मांग’, ‘पेशवाई’ हे शब्द काढायला लावले, ‘तीन हजार साल’ची गुलामी ‘कई साल’ची करायला लावली. म्हणून मी ‘फुले’ची शिफारस अधिक जोरात करतो. मुलांना आधी चित्रपट दाखवा, मग हे काढलेले शब्द फळ्यावर लिहा आणि विचारा, हे शब्द काढल्याने कोणाला बरे वाटले असेल?

आता उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आणून ठेवले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. कॅम्प नंबर एक ते पाच, आजही पत्ता तसाच सांगतात. इथल्या वर्गात सिंधी, मराठी, उत्तर भारतीय, आपल्या वस्त्यांतली, सगळी मुले शेजारी बसतात. फाळणी शिकवायची तर ‘गर्म हवा’ किंवा ‘तमस’ लावतात. दोन्ही उत्तम. पण एक आग्र्याचा आणि दुसरा पंजाबचा. सिंध कुठे आहे? सिंधीत १९५८ चा ‘अबाणा’ आहे, साधना त्यात होती. तो मिळवून दाखवायची तसदी उल्हासनगरच्या शाळांनी घ्यावी.

पण त्यातही जे नाही ते मराठी मुलांनी आणि सिंधी मुलांनी मिळून ऐकावे. फाळणीनंतर सिंधमधल्या सफाई कामगारांना भारतात येऊ दिले जात नव्हते. त्यांचे काम अत्यावश्यक सेवा ठरवले गेले. ते गेले तर कराचीची घाण काढणार कोण, असा तो हिशेब. पाकिस्तानात अडकलेल्या अनुसूचित जातींच्या लोकांनी मिळेल त्या मार्गाने भारतात यावे, असे बाबासाहेबांनी सांगितले आणि १८ डिसेंबर १९४७ रोजी त्यांच्या हालांबद्दल पंडित नेहरूंना पत्र लिहिले. घर सोडावे लागले म्हणून रडणारा निर्वासित आपण पडद्यावर पाहिला. ज्याला घर सोडूही दिले नाही, त्याच्यावरचा चित्रपट माझ्या पाहण्यात नाही. कॅम्प चारच्या एका वर्गात मी हे सांगितले तेव्हा एक सिंधी मुलगी उठून म्हणाली, “सर, माझी आजी कराचीची आहे, तिला विचारते.”

कायद्याची भीती काही मुख्याध्यापक घालतात. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार शिक्षण संस्थेच्या कामकाजात, विद्यार्थी, शिक्षक आणि पालक एवढेच प्रेक्षक असतील तर चित्रपट दाखवता येतो. फक्त सेन्सॉरचा दाखला पाहावा, प्रौढांसाठीचा चित्रपट लावू नये, आणि शिक्षकाने तो आधी स्वतः शेवटपर्यंत पाहावा. हे शेवटचे सर्वांत कमी पाळले जाते.

ती मुलगी आठवड्याने वही घेऊन आली. आजीने सांगितलेले तिने दोन पाने लिहून आणले होते. त्यांच्या गल्लीत रोज सकाळी मैला न्यायला येणाऱ्या बाईचे नाव आजीला आठवत होते. ती बाई निघाली की नाही, ते मात्र आजीने तेव्हा कधी विचारलेच नव्हते. वहीचे पुढचे पान तिने कोरे ठेवले होते, कुणी सांगितले तर लिहायला.