बाथरूमचा दिवा विकू नका, प्लॅन विका!



एक साधा प्रश्न. तुमच्या बाथरूममध्ये दिवा कुठे आहे? बऱ्याच जणांचं उत्तर असेल, "दरवाज्याच्या वर." तिथेच का? कारण बोर्ड दरवाज्याबाहेर असतो आणि तिथून वायर आणणं सोपं जातं. आरशासमोर उभं राहिलं की दिवा पाठीमागे आणि चेहरा अंधारात, याचा विचार कुणी केलेलाच नसतो.

मीही केला नव्हता. घरी बाथरूमचं काम काढलं तेव्हा टाइल्ससाठी मी चार दुकानं पालथी घातली. आरशाजवळ पॉइंट हवा, हे मात्र टाइल्स लागल्यावर सुचलं. मग नवी कोरी टाइल फोडली. त्याच लॉटची दुसरी मिळाली नाही. दाढी करताना तो वेगळ्या रंगाचा चौकोन रोज दिसतो. टाइल्स लागण्याआधी कुणी अर्धा तास बसून चार प्रश्न विचारले असते, तर त्याला मी आनंदाने हजार रुपये दिले असते.

तो अर्धा तास म्हणजेच तुमचा धंदा. तुम्ही वायरमन असा, इलेक्ट्रिकचं दुकान चालवत असा किंवा इंटिरिअरची छोटी कामं घेत असा, ही सेवा तुम्ही सुरू करू शकता. भांडवल? एक मेजरिंग टेप, एक वही आणि विचारायची सवय.

गिऱ्हाईकाला काय विचारायचं?

पहिला प्रश्न: घरात कोण कोण आहे? आजी-आजोबा असतील तर रात्री उठणं आलंच. झोपेतून उठल्यावर डोळ्यांवर भगभगीत उजेड नको आणि अंधारात पायही घसरायला नको. तिथे अर्ध्या वॉटचा पिवळसर नाइट लॅम्प द्या. तो रोज आठ तास चालला तरी वर्षाला जेमतेम दीड युनिट जळतं.

दुसरा: आरशासमोर काय काय करता? दाढी, मेकअप, लेन्स लावणं? मग आरशाच्या दोन्ही बाजूंना, चेहऱ्याच्या उंचीवर, म्हणजे साधारण पाच ते साडेपाच फुटांवर दिवे द्या. जागा नसेल तर आरशाच्या वर, त्याच्याच रुंदीचा लांब दिवा लावा. खोक्यावर सीआरआय 90 किंवा जास्त बघा, म्हणजे त्वचेचा रंग खरा दिसतो. उजेड 4000 केल्विनच्या आसपास ठेवा. 6500 चा निळसर पांढरा उजेड दुकानात छान वाटतो, पण चेहरा फिकट दिसतो.

तिसरा: पाणी कुठपर्यंत उडतं? शॉवर कुठे आहे, बादलीने अंघोळ कुठे करतात, हे उभं राहून दाखवायला सांगा. त्यावरून आयपी रेटिंग ठरतं. यातला दुसरा आकडा पाण्याचा. शिंतोडे उडतात तिथे निदान आयपी 44, शॉवरच्या जवळ आयपी 65.

चौथा: काम कुठवर आलंय? भिंत उघडी असेल तर पाइप आणि बॉक्स आत्ताच टाकून घ्या, दिवे नंतर येऊ देत. टाइल्स लागल्या असतील तर काय शक्य आहे आणि काय नाही, ते आधीच स्पष्ट सांगा.

उजेड किती लागतो?

चार बाय सातचं बाथरूम म्हणजे 28 चौरस फूट, साधारण 2.6 चौरस मीटर. 200 लक्स धरले तर 520 लुमेन होतात. गडद टाइल्स उजेड खातात, म्हणून 800 ते 900 धरा. 9 वॉटचा चांगला एलईडी बल्ब साधारण तेवढं देतो. म्हणजे छताला एक, आरशाला वेगळा आणि रात्रीचा तिसरा. तिन्हींची बटणं वेगवेगळी.

सेन्सर लावायचा तर फक्त रात्रीच्या दिव्याला. मुख्य दिव्याला लावलात आणि डोक्याला शाम्पू लावलेला असताना तो विझला, तर गिऱ्हाईक पहिला फोन तुम्हालाच करेल!

इथे तडजोड नाही

ओलं अंग आणि 230 व्होल्ट, हा खेळ नाही. एमसीबी ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किटसाठी असतो. तो माणसाला शॉकपासून वाचवत नाही. त्यासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. अर्थिंग तपासल्याशिवाय काम हातात घेऊ नका. आणि परवाना नसेल तर वायरिंगला हात लावू नका. प्लॅन तुमचा, जोडणी परवानाधारक वायरमनची. कोकण-गोव्यात काम असेल तर स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच वापरा, नाहीतर पावसाळ्यानंतर टाइल्सवर गंजाचे ओघळ दिसतील.

कोटेशन कसं द्यायचं?

समजा (हे आकडे फक्त उदाहरणासाठी, तुमच्या गावचे रेट घाला): दिवे 2300, आरसीसीबी 1800, वायर-पाइप-बॉक्स 1200, मजुरी 2000. झाले 7300. आता खाली वेगळी ओळ लिहा: "लाइटिंग प्लॅन, 1000 रुपये." एकूण 8300.

ती ओळ मजुरीत लपवू नका. लपवली की तुम्ही नेहमीचे वायरमन, आणि गिऱ्हाईक पॉइंटच्या रेटवर घासाघीस करणार. वेगळी लिहिली की त्याला कळतं, हा माणूस डोकं वापरण्याचे पैसे घेतोय. काम तुम्हालाच दिलं तर त्यातले 500 वजा करा. टाइल फोडणं आणि नवी बसवणं यात धरलेलं नाही, हे लेखी असू द्या. मालाचे पैसे आधी घ्या. उधारीवर दिवे आणून दिलेत, तर नफा गिऱ्हाईकाच्या भिंतीवर लटकलेला राहतो.

या आठवड्याचा गृहपाठ

ओळखीतली तीन बाथरूम बघा. एक तुमचं, एक नातेवाइकांचं आणि एक जिथे सध्या काम चालू आहे असं. प्रत्येकाचं कागदावर चित्र काढा, चार प्रश्न विचारा, दिव्यांच्या जागा मांडा. पहिल्या दोघांना प्लॅन फुकट द्या. तिसऱ्याकडे मात्र हजार रुपये मागा. तो नाही म्हणाला तरी चालेल, पण तुमचं तोंड मागायला शिकेल. धंद्यात ते आधी शिकावं लागतं.

भेटू पुढच्या भागात!