दुर्बीण महाग, मग वॉरंटी कुणाची?

अमेरिकेत शिकाऱ्याची दुर्बीण खडकावर आपटते, जीपमधून पडते. म्हणून तिथे काचेइतकीच चौकशी वॉरंटीची होते. विस्कॉन्सिनच्या व्होर्टेक्स कंपनीची वॉरंटी आजीवन आहे. पावती लागत नाही, नोंदणी लागत नाही, दुर्बीण विकली तरी हमी नव्या मालकाकडे जाते. मात्र हरवली, चोरीला गेली किंवा मुद्दाम फोडली, तर भरपाई नाही. निव्वळ ओरखडेही त्यात येत नाहीत.

‘आजीवन’ शब्दावर भुलू नका. काही कंपन्या फक्त कारखान्यातला दोष भरून देतात, पडून झालेलं नुकसान नाही. आणि पडल्यावर होणारं खरं नुकसान लगेच दिसत नाही. आतला प्रिझम केसभर सरकतो, दोन्ही नळ्यांचा मेळ बिघडतो, मग दुहेरी चित्र दिसतं किंवा थोड्याच वेळात डोकं दुखू लागतं. ही दुरुस्ती कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याचं काम नव्हे. जलरोधक दुर्बिणीत नायट्रोजन किंवा आर्गॉन भरलेला असतो. ती उघडली की वायू पुन्हा भरून सील नीट बसवावं लागतं.

भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार वन्यप्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे. इथे या दुर्बिणी पक्षीनिरीक्षकांच्या गळ्यात दिसतात. परदेशातल्या भाच्याकडून मागवणार असाल, तर आधी कंपनीला ईमेल करा: हमी भारतात चालेल का, दुरुस्ती कुठे होईल, जाण्यायेण्याचा खर्च आणि सीमाशुल्क कुणाच्या खिशातून? उत्तर किती दिवसांत आणि किती स्पष्ट येतं, त्यावरून पुढची सेवा बरीचशी कळते.