मामाच्या नाकाला न कळलेला अमोनिया

गेल्या पावसाळ्यात मामाच्या पोल्ट्री शेडमध्ये गेलो आणि दोन मिनिटांत माझे डोळे चुरचुरायला लागले. मामा म्हणाला, "कसला वास? मला तर काहीच येत नाही." तो खोटं बोलत नव्हता. विष्ठा आणि ओलं तूस यातून अमोनिया निघतो. रोज तोच वास घेऊन नाक सरावतं. अमेरिकेतल्या नायोश संस्थेने कामगारांसाठी सुचवलेली मर्यादा आहे सरासरी 25 पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 25 भाग. सरावलेलं नाक हे काय मोजणार?

मग मी ऑनलाइन एमक्यू-135 सेन्सर मागवला. त्यात टिन ऑक्साइडचा थर असतो, तो हीटरने सतत तापवावा लागतो. अमोनिया त्याला कळतो, पण धूर आणि अल्कोहोलही कळतात. संध्याकाळी शेजारी चूल पेटली आणि अलार्म वाजला. तिसऱ्या वेळी मामाने सरळ प्लगच काढला!

इथे नॅनो कामाला येतं. 2000 साली स्टॅनफर्डच्या होंगजिए दाई यांच्या टीमने दाखवलं, की कार्बन नॅनोट्यूब न तापवताही अमोनिया ओळखते. कशी? एकेरी नॅनोट्यूबची भिंत फक्त एका अणूच्या जाडीची. म्हणजे आत लपलेला अणू एकही नाही, सगळे हवेला भिडलेले. तिच्यातून वीज वाहते ती 'होल्स'मुळे, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागांमुळे. अमोनिया इलेक्ट्रॉन देतो, जागा भरतात, रोध वाढतो. आपण तेवढाच मोजायचा.

मग हे सगळीकडे का नाही? कारण अमोनिया चिकटला की लवकर सुटत नाही. सेन्सर मूळ पदावर यायला तासन्‌तास लागू शकतात. शिवाय दमट हवेनेही रीडिंग हलतं, आणि आपला पावसाळा तर माहितीच आहे! म्हणून सोबत आर्द्रतेचा आणि तापमानाचा सेन्सर लावून सॉफ्टवेअरने दुरुस्ती करतात, किंवा नॅनोट्यूबवर पॉलिअॅनिलीनसारखा अमोनियाला जास्त प्रतिसाद देणारा थर चढवतात.

मला यातून एक कळलं. सेन्सर नुसता तल्लख असून भागत नाही, त्याच्यावर विश्वास बसला पाहिजे. चारदा खोटं ओरडणारा सेन्सर पाचव्यांदा बंदच असतो.

तोवर मामाने सोपे उपाय केलेत: तूस कोरडं ठेवायचं, पडदे वर करून हवा खेळती ठेवायची. आणि बाहेरून आलेला कुणी "डोळे झोंबतायत" म्हणाला, तर त्याचं ऐकायचं. भेटू पुढच्या भागात!